भजन आणि कष्टकऱ्याचा दिलासा



मी पंडित नव्हे. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, मोर्चे आणि वाटाघाटी यांच्या मधल्या वेळात झाले. तेव्हा उपासनेतील भजनावर अधिकारवाणीने बोलावे अशी माझी योग्यता नाही. पण ज्या माणसांत माझे आयुष्य गेले, ती माणसे भजनावाचून मला समजलीच नसती.

भजनाने दिलासा मिळतो हे कोणीही कबूल करील. तो येतो कोठून, हा खरा प्रश्न. तुकोबांकडे पाहा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली पत्नी अन्नावाचून गेली, दुकान बुडाले, चारचौघांतला मान गेला. अभंग ऐकताना कष्टकऱ्याला आधी उमगते ते हे, की बोलणाराने आपल्यासारखेच भोगले आहे. दुसरी गोष्ट रचनेची. चरण आखूड, चाल ओळखीची. एकाने म्हणावे, बाकीच्यांनी मागून उचलावे. ज्याला अक्षर येत नाही तोही तेथे मागे राहत नाही.

शिकलेल्या मंडळींनीही हे जाणले. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थना समाज निघाला. त्याने मूर्ती सोडली, भटजी सोडला. अभंग मात्र सोडला नाही. पण मला याहून नवल वाटते ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८६१ साली कोकणातील करजगावी ब्राह्मण कुटुंबात जन्मलेला हा कवी १८९५ साली ख्रिस्ती झाला, आणि नगरकडे राहून त्याने मराठी ख्रिस्ती मंडळींसाठी भजने रचली. त्याआधी त्या मंडळींच्या तोंडी पुष्कळशी भाषांतरित गीते असत, तीही परक्या चालींवर. गावकुसाबाहेरून आलेल्या माणसांना त्या चालींत रडता तरी कसे येणार? टिळकांनी त्यांना अभंग दिला, ओवी दिली. आणि तुकोबांचे ऋण कधी लपवले नाही. ती गीते 'उपासना संगीता'त आहेत व आजही म्हटली जातात. (लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली नसतील त्यांनी ती आधी वाचावीत, माझे भाषण काही पळून जात नाही.)

आता गिरणगावाकडे येतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली, आणि शनिवारी रात्री जागायला हरकत उरली नाही. आमच्या चाळीत साताऱ्याकडच्यांची एक मंडळी होती, कोकणातल्यांची दुसरी. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा बारा वर्षांचा. त्या पावसाळ्यापर्यंत आमची तांब्यापितळेची भांडी मारवाड्याकडे गेली. मंडळीचे टाळ मात्र गेले नाहीत, कारण ते कोणा एकाचे नव्हते. ज्या रात्री घरात चूल पेटली नाही त्या रात्रीही वडील भजनाला जात, आणि परत येत तेव्हा आईशी नीट बोलत. एरवी बोलत नसत.

पुढे मी चळवळीत पडलो. भजनाला अफू म्हणणारे आमच्यात पुष्कळ होते, आणि काही वर्षे मीही तसेच म्हणत असे. रात्रभर जागून सकाळच्या सभेला दांडी मारणाऱ्यांवर मी चिडलो आहे, आजही चिडतो. भजनाने संप जिंकला गेला नाही, वडिलांची नोकरी परत आली नाही. परंतु त्या अठरा महिन्यांहून अधिक काळात चाळीतला जो माणूस दारूकडे वळला, तो बहुधा आधी मंडळीत येईनासा झालेला असे. हे मी पाहिले आहे. गुंगी आणणाऱ्या वस्तूचा गुण असा नसतो.

वाशीच्या बाजारात आज पाठीवर पोती वाहणारे माथाडी कोपरखैरणे, घणसोलीला राहतात. १९६९ च्या कायद्यासाठी त्यांच्याच वडीलधाऱ्यांनी झगडा दिला. एकादशीला तेथे मृदंग वाजतो. गेल्या खेपेस मी वर्गणीच्या पावत्या घेऊन गेलो होतो. त्यांनी आधी माझ्या हातात टाळ दिले, पावत्यांचे काम उत्तररात्री झाले.