हाजीर मजालस

पोळ्याच्या दिवशी गावच्या वेशीतून कोणाचे बैल आधी निघावे, होळीत पहिली पोळी कोणी टाकावी, दसऱ्याच्या आपट्याचा मान कोणाचा, सरकारी अंमलदाराने गावास शिरपाव दिला तर तो प्रथम कोणाच्या अंगावर पडावा, आणि कागदावर नांगराची निशाणी उठवताना कोणाचा नांगर वर व कोणाचा खाली असावा, असल्या प्रश्नांवरून महाराष्ट्रातील पाटील घराणी पिढ्यान्‌पिढ्या भांडत आली, ही गोष्ट आजच्या वाचकाला क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या समाजात जमीन, इनाम आणि हक्कलाजिमा यांची मालकी सिद्ध करण्यास लिखित दस्तऐवजाइतकाच प्रत्यक्ष भोगवटाही प्रमाण मानला जात असे, त्या समाजात पोळ्याला पुढे निघणारा बैल हा मालकीचा पुरावाच होता. सारा गाव वेशीवर उभा राहून तो पाहत असे. आणि पुढे कित्येक वर्षांनी वतनाचा कज्जा उभा राहिला म्हणजे त्याच गावातील कोणी वृद्ध बलुतेदार सभेपुढे येऊन, अमक्याच्या बापाचे बैल उजव्या अंगाने चालताना आपण पाहिले, अशी साक्ष देत असे. म्हणूनच अर्धी पाटीलकी विकत देण्याची वेळ आली तर खरेदीखतात जमिनीच्या जोडीला हे सारे मान एकेक करून नोंदले जात, आणि कोणता मान वडीलपणाचा व कोणता धाकटेपणाचा हे ठरल्याखेरीज व्यवहार पुरा होत नसे.

या तंट्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर त्यांनी व १९१० साली पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने जुन्या वाड्यांतील दप्तरे धुंडाळून जे कागद उजेडात आणले, त्यांत लढाया आणि तह यांच्या बरोबरीने महजरांची, म्हणजे सभेच्या निवाडापत्रांची, संख्या फार मोठी आहे. राजकारणाच्या पत्रांतून आपणास सरदारांचे मनोगत कळते. महजरांतून मात्र पाटील, कुलकर्णी, शेटे, सुतार, कोळी आणि महार हे एखाद्या प्रश्नावर परस्परांशी कसे बोलत, कशावर अडत आणि कशाला मान तुकवत, हे कळते. मराठी माणूस भांडखोर आहे हे विधान वारंवार केले जाते. त्याच्या भांडणाला एके काळी किती काटेकोर शिस्त होती, याचा उच्चार मात्र क्वचितच होतो. आणि माझ्या मते तीच गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

ती शिस्त अशी. फिर्याद दिवाणात गेली म्हणजे अंमलदार ती बहुधा स्वतः न तोडता गोताकडे सोपवी. गोत म्हणजे केवळ भाऊबंद नव्हेत. परगण्याचे देशमुख व देशपांडे, आसपासच्या गावांचे मोकदम, पेठेचे शेटे-महाजन आणि गावचे बारा बलुते मिळून हे गोत होई, व त्यात सरकारचे हवालदार, मुजुमदार, काजी आदि अधिकारी येऊन बसले म्हणजे ती मजालस होई. सभा भरल्यावर पहिले काम वादाचे नसे. आधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेतला जाई, की ही सभा आम्हांस मान्य आहे आणि ती जो निवाडा करील तो आम्ही पाळू. त्यावर जामीन घेतले जात. आणि मगच अग्रवादी (फिर्यादी) व पश्चिमवादी (प्रतिवादी) यांनी आपापल्या तकरिरा, म्हणजे कैफियती, सादर कराव्यात असा दंडक होता. तकरिरीत आपल्या घराण्याचा करीना मुळापासून सांगावा लागे: वतन कोणी संपादिले, दुष्काळात किंवा परचक्रात कोण परागंदा झाला, त्याच्या मागे कोणी वहिवाट केली, परत आल्यावर कोणी कोणास घरात घेतले. प्रतिपक्षाचेही म्हणणे असेच सविस्तर उतरून घेतले जाई आणि दोन्ही तकरिरा एकाच कागदावर एकापाठोपाठ येत. पुष्कळ महजरांत हरलेल्या पक्षाची कहाणी जिंकलेल्या पक्षाच्या कहाणीइतकीच लांब आणि तितक्याच आस्थेने लिहिलेली आढळते, आणि निकाल ठाऊक असूनही आजचा वाचक क्षणभर तिच्याकडे ओढला जातो.

त्यानंतर पुराव्याचा क्रम येई. लिखित, साक्षी आणि भुक्ती ही धर्मशास्त्राची त्रयी गावच्या निरक्षर पाटलालाही ठाऊक होती. साक्षीदारास देवळात उभे करून, हातात बेलभंडार किंवा तुळस देऊन, तुझ्या बोलण्यावर तुझे बेचाळीस पूर्वज अवलंबून आहेत याची जाणीव दिली जाई. शिवेचा तंटा असला तर महाराचा शब्द विशेष वजनाचा ठरे, कारण गावाची सीमा रोज पायाखाली घालणारा आणि तिच्या खुणा राखणारा तोच. ज्याच्या एका वाक्यावर दोन गावांची शेकडो बिघे जमीन इकडची तिकडे होई, त्यास त्याच सभेत दूर बसून बोलावे लागे. आणि गोताचे गुणगान करणाऱ्यांनी ही गोष्ट कधीही नजरेआड करू नये. स्त्रियांचे म्हणणेही सभेत बहुधा भाऊ, पुत्र किंवा दीर यांच्या मुखातूनच येई. सर्वांची म्हणून जी सभा, तिच्यात सर्वांचे आसन सारखे नव्हते.

एखाद्या पक्षास वाटले की आपल्या गावचे गोत प्रतिपक्षाच्या सोयरिकीने किंवा दहशतीने बांधले गेले आहे, तर तो परस्थळ मागू शके, म्हणजे वाद दुसऱ्या परगण्याच्या किंवा एखाद्या क्षेत्राच्या सभेपुढे चालावा अशी विनंती करी, आणि ती पुष्कळदा मान्य होई. आपली बाजू ऐकणारा मनुष्य आपल्यावर आधीच रुष्ट नसावा, ही अपेक्षा त्या काळी उद्धटपणाची समजली जात नव्हती. सत्ताधाऱ्याच्या तोंडावर ‘हे स्थळ आम्हांस मान्य नाही’ असे म्हणण्याची मुभा शेतकऱ्याला होती, ही बाब मला त्या साऱ्या पद्धतीत सर्वांत मोलाची वाटते.

जेथे कागद नाही, साक्षी फुटलेले आणि भोगवटा दोन्हीकडे सारखा, तेथे दिव्याची पाळी येई. वादीच्या कपाळी त्याच्या प्रतिज्ञेचे भाळपत्र बांधून, उकळत्या तेलातून धातूचा रवा त्यास हाताने काढावयास लावीत, किंवा तापलेले लोखंड पिंपळाच्या पानांवर घेऊन चालावयास लावीत. मग तो हात पिशवीत घालून तिच्यावर मोहर करीत आणि तिसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष उघडून पाहत. या क्रौर्याचे समर्थन करण्याचे काहीच कारण नाही. इतकेच लक्षात घ्यावे की दिव्य हा गोताचा शेवटचा उपाय होता, माणसांची वाणी जेथे थकली तेथला. आणि पुढे पेशवाईत पंचाईतीचा पसारा वाढला तसतसे त्याचे प्रमाण ओसरत गेले.

निवाडा झाला म्हणजे महजर लिहिला जाई आणि हाजीर मजालशीची नावे शिरोभागी घालून खाली प्रत्येकाची निशाणी उठे. पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, कुलकर्ण्याची लेखणी, बलुत्यांपैकी ज्याचे जे हत्यार त्याचे चित्र. अक्षरओळख नसलेल्या माणसाने आपला व्यवसाय हीच आपली सही मानली, आणि निवाड्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. अखेरीस शापवचन येई: हिंदूने हा निवाडा मोडला तर त्यास गाईची आण, मुसलमानाने मोडला तर त्यास डुकराची. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावी, हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड. पण या सर्वांहून विलक्षण कागद म्हणजे येजितखत. जो हरला त्यास स्वतः ते लिहून द्यावे लागे, की मी अमुक सभेपुढे आलो, माझे म्हणणे सांगितले, ते खरे झाले नाही, यापुढे या वतनाशी मला निसबत नाही. हा कागद जिंकणाऱ्याच्या घरी महजराशेजारी जपून ठेवला जाई. पराभव झालेला मनुष्यही निवाड्याचा एक साक्षीदार झाल्याखेरीज निवाडा पुरा होत नाही, अशी त्या लोकांची समजूत असावी.

एवढे असूनही तंटे संपत नसत, हेही नमूद केले पाहिजे. राज्य बदलले, अंमलदार बदलला किंवा प्रतिपक्षाच्या घरात कर्ता पुरुष उरला नाही, की जुना वाद नव्या तकरिरीनिशी पुन्हा उभा राही. येजितखत बळजोरीने लिहून घेतले अशी हरकत निघे. आणि एकाच पाटीलकीचे पाच-सहा महजर वेगवेगळ्या राजवटींतले सापडतात. हरकी आणि गुन्हेगारी यांच्या लोभाने अंमलदारांनीही वाद पेटते ठेवले असतील, असा संशय घेण्यास जागा आहे.

पेशवाई १८१८ साली बुडाली आणि माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्याकडे जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था आली. त्याने १८१९ साली आपल्या सरकारास जो अहवाल सादर केला, त्यात पंचाईतीचे वर्णन अतिशय बारकाईने केलेले आहे: पंचांना वेतन नाही, त्यांना एकत्र बसवण्यास सक्तीचे साधन नाही, काम रेंगाळते, निकालाची बजावणी ढिली. एवढे दोष मोजूनही, ही पद्धत लोकांची आहे व ती शक्य तितकी टिकवावी, असाच त्याचा अभिप्राय होता. परंतु पुढे तो मुंबईचा गव्हर्नर असतानाच १८२७ साली जे नियम अमलात आले, त्यांनी दिवाणी अदालतींचे जाळे पक्के केले, आणि पंचाईत कायद्याने न मोडताही हळूहळू निरुपयोगी होत गेली. कारण ज्या पक्षाला आपला कागद बळकट आहे असे ठाऊक होते, त्याने चारचौघांपुढे बसून करीना ऐकण्याचे कष्ट का घ्यावेत?

या पालटाचा पहिला घाव कुणब्यावर बसला. सावकाराच्या हाती खत असे, त्यावर कुणब्याची निशाणी असे, आणि अदालत खतापलीकडे पाहत नसे. तालुक्याचे ठिकाण वीस-पंचवीस मैल दूर, समन्स पोचले तर त्याचा अर्थ कळत नाही, वकिलाला द्यावयास पैसा नाही, तेव्हा तो हजरच होत नसे आणि दाव्यावर एकतर्फी हुकूमनामा होई. ज्याच्या पणजोबाला पोळ्याच्या बैलासाठीही सबंध परगण्यापुढे आपली तकरीर मांडता आली होती, त्याची जमीन आता त्याचा एक शब्दही न ऐकता जाऊ लागली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला, आणि पुणे व नगर जिल्ह्यांत तो वणवा पसरला, तेव्हा लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, खतांवर व हुकूमनाम्यांवर होता. ते कागद हिसकावून जाळण्यात आले. चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनने एकतर्फी निकालांचा प्रश्न ठळकपणे पुढे आणला, हे योग्यच झाले.

याच सुमारास पुण्यात वादाला एक नवे घर मिळत होते. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी नागरिकांच्या तक्रारी होत्या. त्या मांडावयाच्या तर कोणाच्या वतीने, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा जन्मास आली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने तिचा नियमच असा झाला की किमान ५० प्रौढ माणसांच्या सहीचा मुखत्यारनामा आणील त्यासच सभासद होता येईल. हा नियम कोणत्या विलायती पुस्तकातून घेतला असेल असे मला वाटत नाही. सभेत बोलणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे आहेत, त्यांच्या निशाण्या आधी दाखवा, ही मागणी या मातीत महजराइतकी जुनी होती. त्याच वर्षी पुण्यात शंकराचार्यांपुढे विधवाविवाहाचा शास्त्रार्थ झाला, त्यातही दोन्ही पक्षांचे पंच नेमूनच वाद चालला. निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला. परंतु विष्णुशास्त्री पंडित आणि त्यांचे सहकारी यांनी आपले म्हणणे सनातनी पंडितांसमोर बसून, त्यांच्याच प्रमाणग्रंथांच्या आधारे मांडले, आणि ते नोंदले गेले. येजितखत त्यांनी लिहून दिले नाही, पुनर्विवाहाचे कार्य चालूच ठेवले. जुन्या मजालशीची शिस्त स्वीकारून तिची सक्ती नाकारणारे ते आपल्याकडचे पहिले लोक होत, असे मी मानतो.

सरकारने सुप्याच्या दंग्यानंतर चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. त्यातील व्याजाच्या आणि गहाणाच्या कलमांची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला त्यातली दोन कलमे अधिक विचार करण्याजोगी वाटतात. एका कलमाने न्यायाधीशावर असे बंधन घातले की प्रतिवादीस समक्ष बोलावून त्याची जबानी घ्यावी. दुसऱ्याने असे सांगितले की केवळ शेवटच्या खतावर न थांबता देवघेवीचा व्यवहार अगदी आरंभापासून तपासावा, मुद्दल किती, व्याज किती, फेड किती, हे उलगडून पाहावे. शिवाय दावा लावण्यापूर्वी उभयपक्षांना एकत्र बसवून समेट घडवणारे पंच गावोगाव नेमण्याची, व लहान दाव्यांसाठी ग्राममुन्सफांची, तरतूद केली गेली. या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्याचे काम पुढे काही वर्षे महादेव गोविंद रानडे यांच्याकडे होते. त्यासाठी ते या चार जिल्ह्यांतील लहानलहान कचेऱ्यांतून फिरत, मुन्सफांनी केलेले निकाल तपासत, आणि कुळाची जबानी कागदावर खरोखर उतरली आहे की नाही हे पाहत.