वेदना आणि ताण : फायब्रोमायाल्जियाच्या आकलनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वाशिम जिल्ह्यातील कारंजा लाड हे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान होय. त्यांचे चरित्र सांगणाऱ्या 'श्रीगुरुचरित्र' या ग्रंथात पोटशुळाने त्रस्त झालेला एक ब्राह्मण गोदावरीत जीव देण्यास निघाल्याची कथा आहे. श्रीगुरू त्याला थांबवितात, त्याची व्यथा ऐकतात आणि सायंदेवाच्या घरी त्यास भोजन घडवितात. हा आजार फायब्रोमायाल्जिया नव्हे. परंतु वेदनेतून निराशा जन्मते, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो. सर्वांग दुखणाऱ्या रुग्णास 'टेन्शन घेऊ नका' एवढेच सांगितले जाते, तेव्हा हाच क्रम उलट केला जातो. या दोन्ही क्रमांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेचा विकास :
१९०४ मध्ये ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी तंतुमय ऊतींचा दाह गृहीत धरून 'फायब्रोसायटिस' ही संज्ञा मांडली. पुढे असा दाह सिद्ध झाला नाही आणि हे दुखणे मानसिक ठरविण्याकडे कल वाढला. १९७६ मध्ये 'फायब्रोमायाल्जिया' हे नाव पुढे आले. १९९० च्या अमेरिकन निकषांत किमान तीन महिन्यांची सर्वदूर वेदना आणि १८ पैकी ११ बिंदूंवर दाबल्यास दुखणे आवश्यक मानले गेले. २०१० च्या निकषांत बिंदूंची अट वगळून थकवा व झोपेनंतरही न येणारी टवटवी यांना स्थान मिळाले.

महाराष्ट्रातील संदर्भ :
पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली संधिवातविषयक सर्वेक्षण सुरू झाले. ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के व्यक्तींनी अशा तक्रारी सांगितल्या. त्यांतील अनेकांचे दुखणे निश्चित संधिविकारात बसणारे नव्हते. यावरून निश्चित निदानाविना सोसल्या जाणाऱ्या वेदनेची ग्रामीण व्याप्ती लक्षात येते.

ताणाचे स्थान व उपचार :
या आजारात मज्जासंस्था वेदनेचे संकेत तीव्र करते, असे आज मानले जाते. दीर्घकालीन ताण व अपुरी झोप ही तीव्रता वाढवितात. उलट वेदनेमुळे झोप मोडते, काम थांबते आणि घरच्यांचा अविश्वास वाट्याला येतो. म्हणून ताण हा कारण आणि परिणाम असा दुहेरी घटक ठरतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय शिफारशींत व्यायामास सर्वाधिक बळकट पाठिंबा मिळाला. मानसोपचार व औषधे गरजेनुसार सुचविली गेली.

निष्कर्ष :
ताण कमी करणे हा उपचाराचा भाग आहे. वेदना नाकारण्याचे निमित्त नव्हे. रुग्णाचे दुखणे खरे मानणे, ही उपचाराची पहिली पायरी होय.