विश्वामित्रीच्या काठचे बडोदे

पावागडच्या डोंगरातून निघून पश्चिमेकडे येणारी विश्वामित्री ही नर्मदेसारखी किंवा महीसारखी मोठी नदी नव्हे. उन्हाळ्यात तिचे पात्र इतके रोडावते की, बडोद्यातील काळ्या घोड्याच्या पुलावरून जाणाऱ्या परक्या माणसास खाली नदी आहे हे सांगावेच लागते. परंतु मऊ मातीत तिने शतकानुशतके खोल घळी कोरून ठेवल्या आहेत. या घळींना त्या भागात ‘कोतर’ म्हणतात. पावसाळ्यात वाढलेल्या नदीला पाय पसरण्याची जागा म्हणजे ही कोतरे. बडोदे हे गाव या नदीच्या सोबतीने वाढले.

नदीच्या पश्चिमेचे अकोटे हे जुने अंकोट्टक. तेथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्तींनी या वस्तीचे प्राचीनत्व निर्विवाद सिद्ध केले. उमाकांत शहा यांनी १९५९ साली त्यांवर ग्रंथच लिहिला. इ. स. ८१२ मधील राष्ट्रकूट कर्काच्या ताम्रपटात वडपद्रक हे गाव एका ब्राह्मणास दान दिल्याचा उल्लेख येतो. म्हणजे आज ज्याच्या नावाने सारे शहर ओळखले जाते, ते त्या काळी अंकोट्टकाच्या परिसरातील एक लहानसे खेडे होते. पुढे मोठे गाव मागे पडले आणि खेडे राजधानी झाले! १७३४ साली ते गायकवाडांच्या हाती कायमचे आले, आणि मराठी बोलणारी सरदार, शिलेदार, कारकून, शास्त्री अशी सारी मंडळी दांडिया बाजार, रावपुरा या भागांत स्थिरावली.

या राजधानीत करमणुकीची वाण कधीच नव्हती. खंडेराव महाराजांना (कारकीर्द १८५६ ते १८७०) मल्लांचा आणि हत्तींच्या झुंजींचा नाद होता. ‘साठमारी’ हा शब्द मराठीत आज निवडणुकीच्या धामधुमीसाठी सर्रास वापरला जातो. परंतु बडोद्यात ती खरोखरच चाले. उंच भिंतींनी वेढलेल्या ‘अग्गड’ नावाच्या रिंगणात मस्त हत्ती सोडीत. पायउतार माणसे त्याला डिवचून पळत आणि भिंतीतील अरुंद दारांतून निसटत. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने हे खेळ पाहून सविस्तर लिहून ठेवले आहेत. हौस दरबाराची, जीव साठमारांचा आणि प्रजेच्या वाट्यास दुरून पाहणे, असा तो प्रकार होता.

१८७५ साली मल्हारराव पदच्युत झाले आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळ दत्तक जाऊन सयाजीराव झाला. चारच वर्षांनी, १८७९ साली, नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेली बाग लोकांसाठी खुली झाली. तीच सयाजीबाग किंवा लोकांच्या तोंडची कमाटीबाग होय. हिचे सारे श्रेय महाराजांस देण्याची रीत पडली आहे. तथापि त्या वेळी ते वयाने सोळाचेही नव्हते आणि राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते, हे विसरता कामा नये. महाराजांची थोरवी यात आहे की, सत्ता हाती आल्यावर त्यांनी ही बाग राजवाड्याकडे ओढून घेतली नाही, उलट तिच्यात संग्रहालय उभारून भर घातली. दुकानदार, शिपाई, विद्यार्थी, लेकुरवाळ्या बायका यांनी संध्याकाळी तिकीट न काढता हिंडावे, झाडाखाली शिदोरी सोडावी, बँड ऐकावा, ही गोष्ट त्या काळच्या संस्थानी मुलखात नवी होती. बागेच्या तोंडाशी महाराजांचा जो अश्वारूढ पुतळा आहे त्यालाच गाव ‘काळा घोडा’ म्हणते. घोड्यावरच्या स्वारापेक्षा घोडाच लोकांना अधिक लक्षात राहिला!

परंतु केवळ हिंडण्याफिरण्याने बडोदे तृप्त झाले नाही. या गावाचे खरे वेड तालमीचे. उस्ताद जुम्मादादा हे मुसलमान, त्यांचे पट्टशिष्य गजानन यशवंत तांबे उर्फ प्रोफेसर माणिकराव हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. गुरूच्या पश्चात शिष्याने आखाड्याला ‘जुम्मादादा व्यायाम मंदिर’ हेच नाव ठेवले, आणि ते नाव पुढे देशभर झाले. माणिकराव केवळ कुस्तीगीर घडवीत बसले नाहीत. लाठी, लेझीम, मल्लखांब यांची त्यांनी पद्धतशीर आखणी केली. शेकडो मुलांकडून एका तालात सांघिक व्यायाम करवून घेताना इंग्रजी हुकूम टाकून देशी हुकूम योजले. पूर्वी मल्ल एक आणि पाहणारे हजार, असा हिशेब होता. माणिकरावांनी तो उलटा केला. निखळलेली हाडे बसविण्याची त्यांची हातोटी तर इतकी प्रसिद्ध होती की, कुस्तीशी काडीचा संबंध नसलेली माणसेही त्यांच्या दारी येत. माणिकराव १९५४ साली निवर्तले. याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. इतर गावांनी पैलवान दिले असतील. व्यायामाचा ज्ञानकोश दिला तो बडोद्यानेच.

क्रिकेटचे प्रेमही याच मोकळ्या मैदानांतले. मार्च १९४७ मध्ये होळकर संघाविरुद्धच्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात सांगलीचे विजय हजारे आणि लाहोरचे गुल महंमद यांनी बडोद्यासाठी चौथ्या जोडीस ५७७ धावा काढल्या. देशाची फाळणी तेव्हा काही महिन्यांवर येऊन ठेपली होती.

ही सारी परंपरा उभी राहिली ती गावाला मोकळी जमीन होती म्हणून. फतेगंजच्या उत्तरेचा निजामपुरा एके काळी गावाबाहेरचा. शहर वाढले तशी तेथे घरांमागून घरे झाली. ‘भूखी कांस’ नावाचा पावसाळी ओहोळ या भागातील पाणी विश्वामित्रीकडे नेतो. नाव भुकेले आणि पावसाळ्यात भूकही तशीच. दाट वस्तीत त्याला पसरण्यास जागा उरली नाही, आणि नदीकाठी ठिकठिकाणी कोतरे भरावाखाली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर चढली. घरांत पाणी शिरले, कमाटीबागेतही शिरले, आणि पाण्याबरोबर मगरी रस्त्यांवर आल्या. या नदीत मगरी पूर्वापार आहेत. २०२५ च्या गणनेत त्या चारशेहून अधिक भरल्या.

बागेतले पाणी ओसरले, चिखल वाळला आणि लोक पुन्हा फिरावयास येऊ लागले. ज्यांची घरे नदीच्या वाटेत उभी राहिली होती त्यांची भिंत, धान्य आणि सामान इतक्या सहज वाळले नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात पात्रातील गाळ उपसण्याचे आणि ते रुंद करण्याचे काम शहराने हाती घेतले. मगरींना कायद्याचे संरक्षण असल्याने काठ उकरताना त्यांची बिळे व अंडी सांभाळण्याची काळजी घेणे भाग होते.