दुष्काळ, शाळेची सुट्टी आणि मुलाचे पोट

१९७२ च्या दुष्काळाचा विषय निघाला की आज साठी-सत्तरीत असलेली माणसे दोन शब्द हमखास काढतात : मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर आणि शाळांतून मुलांना मिळणारे कोरडे, गोडसर, पौष्टिक खाणे. ती शिजवावी लागत नसे. घरात सरपण नसले, विहीर आटली असली, तरी मूल मूठभर सुकडी खाऊन पाणी पिऊ शके.

शाळेतल्या जेवणाकडे आपण हजेरी वाढवणारी योजना म्हणून पाहतो. पण आपल्याकडे तिचा इतिहास दुष्काळाशी फार जवळून बांधलेला आहे, आणि तो डॉक्टरांइतकाच पालकांनीही जाणून घ्यावा असा आहे.

उपासमारीत मूल कशाने दगावते?

अन्न कमी पडले की शरीर आधी साठवलेली चरबी वापरते, मग स्नायू. मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते : शरीर वाढ थांबवून ऊर्जा वाचवते. त्यामुळे आधी वजन घटते आणि उपासमार लांबली तर उंचीही खुंटते. त्याच वेळी प्रतिकारशक्ती ढासळते. दुष्काळात बहुतेक मुले निव्वळ भुकेने जात नाहीत. ती जुलाब, न्यूमोनिया, गोवर यांनी जातात. आजारात भूक मरते, वजन आणखी घटते आणि पुढचा आजार अधिक जोराने येतो. हे चक्र तोडायचे तर औषधाच्या आधी रोजचे जेवण लागते. ‘रोजचे’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच शब्दाची आहे.

धनकवडी ते सुकडी

१८७६-७७ मध्ये दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. तेव्हा महात्मा फुले आणि सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी पुण्याजवळ धनकवडीला ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ काढून दुष्काळपीडित मुलांना जेवण दिले. मोठ्या माणसाला काम देता येते. लहान मुलाला मात्र थेट अन्नच द्यावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२-७३ मध्ये, महाराष्ट्राने दोन्ही गोष्टी केल्या. पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती, खडी फोडणे अशा कामांवर मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे होती. यातूनच पुढे रोजगार हमी योजना पक्की झाली. मजुरीमुळे घरात धान्य आले आणि मुलांना सुकडी मिळाली. हाल खूप झाले, पण इंग्रजी अमलातल्या दुष्काळांसारखा संहार टळला.

मात्र सुकडी ही मदत होती, हक्क नव्हता. पाऊस पडला आणि ती बंद झाली.

तांदळाच्या पिशवीपासून खिचडीच्या पातेल्यापर्यंत

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची शालेय पोषण योजना सुरू झाली. शिजवलेले अन्न देण्याऐवजी बहुतेक राज्यांत ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो धान्य मिळे. महाराष्ट्रातल्या अनेकांना तांदळाची ती पिशवी आठवत असेल. घरी गेलेला तांदूळ सगळ्यांच्या ताटात वाटला जाई. त्यात गैर काहीच नाही, पण मुलाच्या वाट्याला किती आला हे कळायला मार्ग नव्हता.

बदल घडवला तो पुन्हा दुष्काळानेच. राजस्थानात लोक उपाशी आणि सरकारी गोदामे धान्याने भरलेली, अशी स्थिती असताना २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळेत शिजवलेले जेवण देणे राज्यांवर बंधनकारक झाले : किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातून किमान २०० दिवस. पुढे प्राथमिक वर्गांसाठी हे प्रमाण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने झाले. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या दिवसभराच्या गरजेचा हा साधारण पाव भाग आहे.

याचा उपयोग झाला का? आंध्र प्रदेशातल्या मुलांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अगदी लहानपणी दुष्काळाची झळ बसलेल्या मुलांची मागे पडलेली वाढ शाळेतल्या जेवणाने भरून निघाल्याचे त्यात दिसले. डॉक्टर म्हणून मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

मग सुट्टीत काय?

२०० दिवस जेवण म्हणजे १६५ दिवस नाही. आपल्याकडे दुष्काळाची खरी धार लागते ती एप्रिल-मे महिन्यांत. खरीप गेलेले, रब्बी बुडालेले, टँकरची वाट पाहणे चालू. नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी लागते आणि चूल विझते.

ही उणीव ओळखून सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही जेवण देण्याचा आदेश दिला. मे २०१६ मध्ये, मराठवाडा होरपळत असताना, न्यायालयाला हीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली. सोबत आठवड्यातून पाच किंवा किमान तीन दिवस अंडे, दूध किंवा तसा पौष्टिक पर्याय देण्यासही सांगितले. बारा वर्षांत तेच दोनदा सांगावे लागते, याचा अर्थ आदेश आणि ताट यांच्यामध्ये अजून अंतर आहे. भर उन्हात जेवणापुरते शाळेत कोण जाणार, आणि कामासाठी गाव सोडलेल्या कुटुंबातले मूल कुठल्या शाळेत जेवणार, हे प्रश्न उरतातच.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा तीच अडचण मोठ्या रूपात आली. पुन्हा तांदूळ आणि डाळी घरी गेल्या. नाइलाज होता, पण आपण १९९५ च्या पिशवीकडे परतलो होतो.

पालकांनी काय करावे?

• तालुका दुष्काळग्रस्त जाहीर झाला असेल तर सुट्टी लागण्यापूर्वीच शाळा व्यवस्थापन समितीत उन्हाळी जेवणाची चौकशी करा. मे महिन्यात विचारून उशीर होतो.

• धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे शाळेच्या दिवशी जेवण मिळाले नाही, तर २०१५ च्या नियमांनुसार मुलाला अन्नसुरक्षा भत्ता देय असतो. तो मागा.

• टंचाईत टँकरचे पाणी स्वयंपाकाला आणि पिण्याला वापरले जाते. ते शुद्ध केलेले आणि झाकलेले आहे ना, ते पाहा. गढूळ पाण्याने झालेले जुलाब महिनाभराचे पोषण आठवड्यात घालवतात.

• मूल दिवसेंदिवस बारीक होत असेल, मलूल राहत असेल किंवा दोन्ही पायांवर सूज येऊन दाबल्यावर खळगा पडत असेल, तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. फार उपाशी राहिलेल्या मुलाला एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे असते.

धनकवडीच्या बालाश्रमाला शाळेचे वेळापत्रक नव्हते. मूल भुकेले आहे, एवढेच कारण तिथे पुरत होते.