बोर्डिंगातली चूल

कर्मवीर भाऊराव पाटील म्हटलं की सगळ्यांना शाळा आठवतात, रयतचा वटवृक्ष आठवतो. मला मात्र आधी त्यांच्या बोर्डिंगातली चूल आठवते. सातारा-सांगलीच्या शाळांत माझी उभी हयात गेली, त्यामुळे असेल कदाचित. पोरगं रिकाम्या पोटी वर्गात बसलं की पाढे काय आणि पानिपत काय, सगळं सारखंच!

थोडा इतिहास सांगतो (मास्तरकीची खोड, जायची नाही). आजचा सांगली जिल्हा 1949 मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. भाऊरावांचं काम या दोन्हीकडचं. मिरज तालुक्यातल्या दुधगावला त्यांनी सहकाऱ्यांबरोबर विद्यार्थी आश्रम काढला. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली आणि 1924 मध्ये साताऱ्याचं वसतिगृह. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचं नाव दिलं गेलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही.

ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ते मंगळसूत्र इमारतीसाठी गेलं नाही, पुस्तकांसाठीही नाही. वाढत्या वयाच्या पोरांच्या जेवणासाठी गेलं, हे आपण विसरतो.

वय 10 ते 19 ही वर्षं मोठी नाजूक. उंची झपाट्याने वाढते, हाडं भरतात, मुलींची पाळी सुरू होते आणि लोहाची गरज वाढते. तेव्हा जे कमी पडतं ते शरीर पुढे वसूल करतं.

पूर्वी सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. 1972 च्या दुष्काळात माण-खटाव, आटपाडी-जतकडच्या लोकांनी मिलो आणि सुकडीवर दिवस काढले. तेव्हा प्रश्न पोट भरण्याचा होता. पुढे पाणी आलं, ऊस आला, द्राक्षं आली. घरात पैसा आला याचा आनंदच आहे. पण ताटातली ज्वारी मागे सरली, रेशनवर गहू-तांदूळ आला आणि शाळेच्या फाटकाशी वेफर्सची पाच रुपयांची पुडी येऊन बसली.

2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात या वयाच्या शंभर मुलांमागे साधारण 24 हडकुळी निघाली आणि 10 मधुमेहाच्या उंबरठ्यावर. एकाच वर्गात दोन्ही! 2019-21 च्या पाहणीत 15 ते 19 वयाच्या शंभर मुलींपैकी 59 जणींना रक्तक्षय होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आले. आपली बाळं वजनाला कमी, पण अंगात चरबी तुलनेने जास्त, असं त्यांना आढळलं, आणि हीच मधुमेहाची पूर्वतयारी. म्हणजे नववीतल्या मुलीच्या ताटात तिच्या पुढच्या लेकराचाही वाटा आहे.

प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडणाऱ्या मुली मी दरवर्षी पाहिल्या, बहुतेक नववी-दहावीच्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर, सकाळी नुसता चहा घेतला."

शाळेतला पोषण आहार 1995 मध्ये प्राथमिक वर्गांसाठी सुरू झाला आणि 2008 मध्ये आठवीपर्यंत पोहोचला. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यात रोज 150 ग्रॅम धान्य आणि 30 ग्रॅम डाळ धरली आहे. योजना चांगलीच, पण आठवीला ती थांबते. त्याच शाळेत धाकटी बहीण मधल्या सुट्टीत खिचडी खाते आणि नववीतली थोरली फाटकाबाहेर पुडी घ्यायला जाते. जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेपासून 50 मीटरच्या आत विकू नयेत असा नियम 2020 मध्ये झाला. ठीक आहे, पण पुडी काढून घेतली तर तिच्या हातात द्यायचं काय?

जेवण हा शिक्षणाचाच भाग आहे हे भाऊरावांना शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं, तेही खिशात काही नसताना. आज आपल्या दोन जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत, दूध संघ आहेत, पतसंस्था तर गल्लोगल्ली. गावच्या हायस्कुलातल्या नववी-दहावीला एक वेळची भाकरी, मटकीची उसळ आणि मूठभर शेंगदाणे देणं यांना जड नाही. सरकारने योजना दहावीपर्यंत न्यावी हे तर हवंच, पण तोवर थांबायचं कशाला?

आपल्या नात्यागोत्यातली चार माणसं अशा संस्थांच्या संचालक मंडळावर आहेत, आणि ती हे वाचतात हेही मला ठाऊक आहे. तेव्हा मंडळी, पुढच्या सभेत हा विषय कोण मांडतंय ते कळवा. हिशेब मांडून द्यायला मी येतो.