न्यायमूर्ती चेस यांच्यावरील महाभियोग

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात बहुतेक न्यायाधीश राजाची मर्जी असेपर्यंतच पदावर टिकत. पहिल्या जेम्सने १६१६ मध्ये सरन्यायाधीश एडवर्ड कोक यांना घरी बसवले. दुसऱ्या जेम्सनेही नकोसे झालेले न्यायाधीश काढून टाकले. १७०१ च्या कायद्याने याला आळा घातला. वर्तन चांगले असेपर्यंत न्यायाधीश पदावर राहील, आणि त्याला काढायचे तर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तशी मागणी करावी, असे ठरले. अमेरिकेतल्या वसाहतींना हे संरक्षण मिळाले नाही. राजाने न्यायाधीशांची पदे आणि पगार आपल्या मुठीत ठेवले आहेत, ही तक्रार १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात आहे. त्यावर सही करणाऱ्यांत मेरीलंडचे सॅम्युएल चेस होते.

१७८७ च्या संविधानाने संघीय न्यायाधीशांना ही हमी दिली : ना मुदत, ना निवृत्तीचे वय, ना पगारकपात. १७९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेल्या चेस यांनी ती पुरेपूर वापरली. १८०० च्या निवडणुकीत त्यांनी न्यायाधीशपदावर असताना राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांचा उघड प्रचार केला. त्याच वर्षी अ‍ॅडम्स यांच्यावर जहरी टीका करणारे पत्रकार जेम्स कॅलेंडर यांचा खटला रिचमंडला त्यांच्यापुढे चालला. बचावाच्या वकिलांना चेस यांनी बोलताना इतके अडवले, की ते वकीलपत्र सोडून निघून गेले. ती निवडणूक जिंकून विरोधी पक्षाचे जेफरसन सत्तेवर आल्यानंतर, १८०३ मध्ये बाल्टिमोरला ज्युरीपुढे तर त्यांनी सरकारविरोधी भाषणच ठोकले; मताधिकार असाच वाढत गेला तर झुंडशाही येईल, असे बजावले.

१२ मार्च १८०४ रोजी प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग मंजूर केला. सेनेटच्या ३४ सदस्यांपैकी २५ जण राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या पक्षाचे होते आणि दोषी ठरवायला २३ मते पुरेशी होती. सुनावणीचे अध्यक्ष उपराष्ट्राध्यक्ष एरन बर. न्यायाधीशांच्या तहहयात नेमणुकीचे कट्टर समर्थक अलेक्झांडर हॅमिल्टन यांना द्वंद्वयुद्धात ठार केल्याबद्दल खुद्द बर यांच्यावरच तेव्हा खुनाचा आरोप होता!

१ मार्च १८०५ च्या मतदानात सर्वाधिक, म्हणजे १९ मते बाल्टिमोरच्या भाषणाबद्दलच्या आरोपाला पडली. चेस सुटले. ते निःपक्ष होते, असा याचा अर्थ नव्हे. त्यांचे वागणे पद काढून घेण्याइतके गंभीर आहे, हे दोन तृतीयांश सदस्यांना पटले नाही, इतकेच. तहहयात नेमणूक न्यायाधीशाला सरकारच्या धाकातून सोडवते, त्याच्या स्वतःच्या पक्षप्रेमातून नाही. चेस १८११ मध्ये मृत्यू येईपर्यंत पदावर होते. त्यांच्यानंतर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील एकाही न्यायाधीशावर महाभियोग चाललेला नाही.