अमेरिकेची अलिप्तता आणि मद्रासचे बर्फघर

राजकारणातील काही शब्द असे असतात की, ते वापरात सैल झाले म्हणजे त्यांच्याबरोबर इतिहासही सैल होतो. मराठीतील 'अलिप्तता' हा असाच एक शब्द. कोणाच्या भांडणात न पडणारा मनुष्यही अलिप्त, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलणेचालणे सोडून दार लावून बसणारा मनुष्यही अलिप्तच. या दोघांत केवढे अंतर आहे, हे खेड्यातल्या कोणालाही विचारावे. पहिल्याला गाव पंच म्हणून बोलावते. दुसऱ्याच्या दारावरून लोक मुकाट्याने पुढे जातात. पहिल्याच्या वृत्तीला आपण 'अहस्तक्षेप' म्हणू आणि दुसऱ्याच्या वृत्तीला 'विलगता'. अमेरिकेच्या परराष्ट्रधोरणाविषयी बोलताना हा भेद सहसा विसरला जातो. जॉर्ज वॉशिंग्टनपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा दीड शतकाचा काळ 'अमेरिका जगापासून दूर राहिली' अशा एका वाक्यात आटोपला जातो. हे वाक्य कितपत खरे आहे, याचा पडताळा आपल्याच देशातील एका समुद्रकिनाऱ्यावर घेता येतो.

चेन्नईच्या, म्हणजे पूर्वीच्या मद्रासच्या, मरीना किनाऱ्यासमोर अर्धगोलाकार दर्शनी भागाची एक जुनी इमारत उभी आहे. आज तिचे नाव विवेकानंद इल्लम. पण सभोवतालच्या वस्तीच्या तोंडी 'आइस हाउस' हेच जुने नाव टिकून आहे. सन १८४२ च्या सुमारास बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याच्या मालासाठी ती उभी राहिली, आणि तो माल म्हणजे बर्फ. न्यू इंग्लंडमधील तळी हिवाळ्यात गोठली म्हणजे ट्यूडरची माणसे करवतींनी बर्फाच्या चौकोनी लाद्या कापीत, आणि लाकडाच्या भुशात नीट दडवून त्या जहाजाच्या पोटात रचीत. जहाज आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, सुमारे चार महिन्यांनी बंगालच्या उपसागरात येई. १८३३ मध्ये कलकत्त्यास गेलेल्या पहिल्या जहाजावर १८० टन बर्फ चढविला होता. त्यातला सुमारे १०० टन शाबूत पोहोचला. पुढे मुंबई आणि मद्रास येथेही बर्फघरे झाली. ज्या राष्ट्राने जगाकडे पाठ फिरविली होती असे आपण मानतो, त्या राष्ट्राचे व्यापारी गोठलेले पाणी विकण्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडून येत होते!

या बर्फघराला तट नव्हता, बुरूज नव्हते, पलटण नव्हती. उत्तरेला थोड्याच अंतरावर असलेला सेंट जॉर्ज किल्लाही मुळात व्यापाऱ्यांचाच. १६३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला तेथे जागा मिळाली ती वखारीसाठी. परंतु पुढे या व्यापाऱ्यांना शेजाऱ्यांच्या गादीचे, वारशाचे आणि कर्जाचे तंटे तोडण्याची चटक लागली. तिचे फळ काय, हे तंजावरच्या मराठी राज्याने भोगले. १७७३ च्या सप्टेंबरात मद्रासच्या फौजेने अर्काटच्या नबाबासाठी तंजावर जिंकले. १७७६ मध्ये तुळजाजी राजांना राज्य परत दिले. १७९९ च्या तहाने कारभार स्वतःकडे घेतला. आणि १८५५ मध्ये पुत्रवारस नाही म्हणून उरलेसुरले राजेपणही संपविले. ज्या वर्षी तंजावर पडले त्याच वर्षीच्या डिसेंबरात, बोस्टनच्या नागरिकांनी याच कंपनीचा चहा समुद्रात फेकून दिला. एकाच कंपनीशी गाठ पडलेल्या दोन नगरांपैकी एकाने राज्य गमावले, दुसऱ्याने राज्यक्रांती घडविली. व्यापार करावा पण दुसऱ्याच्या घरचा कारभार हाती घेऊ नये, हा अमेरिकन प्रजासत्ताकाचा पहिला धडा अशा अनुभवातून आलेला होता.

वॉशिंग्टनने १७९३ मध्ये इंग्लंड-फ्रान्सच्या युद्धात तटस्थता जाहीर केली, आणि १७९६ च्या निरोपाच्या संदेशात परराष्ट्रांशी व्यापारी संबंध वाढवावेत, राजकीय संबंध मात्र शक्य तितके थोडे ठेवावेत, असा उपदेश केला. १८०१ मध्ये अध्यक्षपद स्वीकारताना जेफरसनने सर्वांशी मैत्री व व्यापार, पण गुंतवून टाकणारे करार कोणाशीच नाहीत, या शब्दांत तेच सूत्र मांडले. यात दार लावून घेण्याची भाषा कोठेच नाही. १७९४ च्या जे यांच्या तहाने हिंदुस्थानातील ब्रिटिश बंदरे अमेरिकन जहाजांना खुली झाली. त्याच वर्षी दक्षिण हिंदुस्थानातील व्यापाराकडे लक्ष देण्यासाठी विल्यम ॲबट याची मद्रासमध्ये अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली. वॉशिंग्टनच अध्यक्ष होता तेव्हा!

विलगता म्हणजे काय, याचा अनुभवही अमेरिकेने लवकरच घेतला, आणि तोही जेफरसनच्याच हातून. युरोपातील युद्धात आपली जहाजे सापडू नयेत म्हणून १८०७ च्या डिसेंबरात त्याने परदेशी व्यापारावर सरसकट बंदी घातली. एका वर्षात देशाची निर्यात सुमारे १० कोटी ८० लाख डॉलरवरून २ कोटी २० लाख डॉलरवर आली. बंदरे ओस पडली, चोरटा व्यापार बोकाळला, आणि १८०९ च्या मार्चमध्ये बंदी उठवावी लागली. एवढे करूनही १८१२ मध्ये इंग्लंडशी युद्ध झालेच. दार लावल्याने भांडण टळले नाही. घरात मात्र उपासमार झाली.

या दोन वृत्तींतील फरक ज्याच्या जीवनात सर्वांत स्पष्ट दिसतो, तो मनुष्य मुत्सद्दी नव्हे. हेन्री डेव्हिड थोरो हा वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला होता. १८४६ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोवर युद्ध लादले. गुलामगिरीला आणि या आक्रमणाला आपला पैसा लागू नये म्हणून थोरोने कर देण्याचे नाकारले आणि एक रात्र तुरुंगात काढली. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ट्यूडरची माणसे वॉल्डनवर बर्फ कापण्यास आली. तेव्हा भगवद्गीतेचा अभ्यासक असलेल्या थोरोला आनंद झाला तो याचा की, मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे लोक आता आपल्या विहिरीचे पाणी पितील. शेजारी देशावर चालून जाणाऱ्या सैन्याला एक पैही न देणारा आणि दूरच्या देशाशी एका घोटाचे नाते जोडणारा असा हा मनुष्य. त्याला विलग कोण म्हणेल?

हीच परंपरा पुढे १८९८ मध्ये प्रकट झाली. स्पेनशी युद्ध करून अमेरिका फिलिपीन्स ताब्यात घेऊ लागली, तेव्हा साम्राज्यविरोधी संघ स्थापन झाला तो बोस्टनमध्येच. मार्क ट्वेन त्यात अग्रभागी होता. दोनच वर्षांपूर्वी तो व्याख्याने देत हिंदुस्थानभर फिरला होता. जग पाहिलेल्या माणसांनीच जगावर राज्य करण्याला विरोध केला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

खरी विलगता आली ती पहिल्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातील, त्यात हिंदुस्थानातील, लोकांच्या स्थलांतराला बंदी झाली; १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्वाचा हक्क नाकारला; १९२४ मध्ये दार आणखी आवळले गेले; १९३० मध्ये जकातीची भिंत उभारली गेली. ज्या देशात १८९३ मध्ये मद्रासच्या शिष्यांच्या मदतीने गेलेल्या विवेकानंदांचे स्वागत झाले, आणि जेथून परतल्यावर १८९७ च्या फेब्रुवारीत ते याच बर्फघराच्या इमारतीत राहिले, त्या देशाची ही दुसरी मुद्रा. आणि गंमत अशी की, याच काळात, १९१५ पासून १९३४ पर्यंत, अमेरिकेचे सैनिक हैतीमध्ये ठाण मांडून होते. म्हणजे दार लावून घेणारे राष्ट्र दुसऱ्याच्या घरात घुसत नाही असे मुळीच नाही. विलगता आणि अहस्तक्षेप या केवळ भिन्न गोष्टी नव्हेत. एक असताना दुसरी नसणे सहज शक्य आहे.

तथापि अहस्तक्षेपाची बाजू निर्दोष आहे, असेही म्हणता येणार नाही. मद्रासला येणारे अमेरिकन व्यापारी स्वतः तोफा आणीत नसत हे खरे; पण त्या बंदरातील शांतता ब्रिटिशांच्या तोफांनी राखलेली होती, आणि तिचे मोल तंजावरसारख्यांनी दिले होते. दुसऱ्याच्या बळावर सोवळे राहणे हे या धोरणाचे पहिले वैगुण्य. दुसरे अधिक गंभीर आहे. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी सुरू झाली, तेव्हा युरोपातील राष्ट्रांनी अहस्तक्षेपाचा करार केला, आणि अमेरिकेनेही १९३७ च्या जानेवारीत दोन्ही पक्षांना शस्त्रे विकण्यास बंदी केली. जर्मनी आणि इटली यांनी तो करार पायदळी तुडवून फ्रँकोला शस्त्रे व माणसे पुरविली. शस्त्रांवाचून गुदमरले ते लोकनियुक्त सरकार. एक जण गळा आवळीत असताना दोघांशी सारखे वागणे हा न्याय नव्हे. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला, आणि अमेरिकेत युद्धापासून दूर राहण्याचा वाद एका दिवसात संपला.

पण वाद संपला तो इतका की, पुढे 'विलगतावादी' ही नुसती शिवीच होऊन बसली. १९४९ मध्ये सिनेटर टाफ्ट यांनी नाटो कराराविरुद्ध मत दिले, त्यांच्यावर हाच शिक्का बसला. परदेशात सैन्य पाठविण्याला शंका घेणारा प्रत्येक जण जगाचा शत्रू ठरू लागला. व्हिएतनामच्या आणि २००३ मधील इराकच्या युद्धापूर्वी ज्यांनी 'जाऊ नका' म्हटले, ते जग न पाहिलेले होते असे नव्हे. दोन शब्दांची सरमिसळ झाली म्हणजे शहाणा सल्लाही कसा बदनाम होतो, याचे हे उदाहरण आहे.

आपल्याही धोरणाला 'अलिप्तता' हेच नाव पडले, आणि 'कुंपणावर बसणारे' हा टोमणा आपणही ऐकला. त्याला दिलेले एक उत्तर मद्रासच्या बंदरात उतरले. कोरियाचे युद्ध १९५३ च्या जुलैत थांबले तेव्हा मायदेशी परत जाण्यास नकार देणाऱ्या २२,००० हून अधिक कैद्यांचा प्रश्न उरला. त्यांचा सांभाळ करण्यास दोन्ही पक्षांना चालेल असे सैन्य भारताचेच निघाले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि सैन्याचे प्रमुख होते मराठी सेनानी शंकरराव थोरात. अखेर कोणत्याच बाजूस न जाणारे ८८ कोरियन व चिनी कैदी १९५४ च्या फेब्रुवारीत जहाजाने मद्रासला आले. भांडणात न पडणाऱ्यालाच पंच म्हणून बोलावणे येते, ते असे.

याच बंदराने याच्या उलटही पाहिले आहे. १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेली आपली शांतिसेना तेथील यादवीत ओढली गेली. १,१०० हून अधिक जवान गमावून ती १९९० च्या मार्चमध्ये मद्रासला परतली, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागतासही गेले नाहीत. १९७१ मध्ये पूर्व बंगालच्या निर्वासितांचे लोंढे दारात आले असता स्वस्थ बसणे जसे अशक्य होते, तसेच येथे पुढे होणे महाग पडले. म्हणून कोणतेही सूत्र विचाराचे ओझे आपल्या डोक्यावरून उतरवून घेत नाही. पण प्रश्न तरी नेमका विचारता येतो. एखादे राष्ट्र 'आम्ही दूर राहू' म्हणते, तेव्हा ते आपले सैन्य घरी ठेवीत आहे, की आपले दार लावून घेत आहे? पहिल्या गोष्टीत संयम असू शकतो. दुसरीत बहुधा भीतीच असते. बोस्टनचा बर्फ मद्रासच्या उन्हात केव्हाच वितळून गेला. ते बर्फघर मात्र अजून उभे आहे, आणि त्याच्याभोवती तट बांधण्याची गरज कोणाला कधी भासली नाही.